जलालपूरची मनू आणि घरातला राग

त्र्यंबकेश्वरला गेलेला माणूस कुशावर्तावर पाय धुतो, रांगेत उभा राहून दर्शन घेतो, जमल्यास ब्रह्मगिरीची चढण चढतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने नाशिकला परततो. १८५७ च्या अखेरीस याच गावात बंडाची ठिणगी पडली होती, आसपासच्या डोंगरांतले आदिवासी सरकारी खजिन्यावर चालून आले होते, हे त्याला कोणी सांगत नाही. त्या धामधुमीनंतर सरकारने धरपकड केली, फाशी दिल्या. फाशी गेलेल्यांत वासुदेव भगवंत जोगळेकर हे एक होते.

इतिहासाच्या पुस्तकात जोगळेकरांना फार तर एखादी ओळ मिळते. पण फाशी गेलेल्या माणसाच्या मागे घर असते. जोगळेकरांची लेक गोखल्यांच्या घरी दिलेली होती. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी नाशिककडे येताना वाटेत गंगापूरजवळ जलालपूर नावाचे लहानसे गाव लागते, तिथले हे गोखले. सासऱ्यांच्या फाशीचा जावयाच्या मनावर असा काही परिणाम झाला, की त्यांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. धान्य धुवायचे, वाळवायचे, पुन्हा कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा धुवायचे. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणत. आजचा मानसरोगतज्ज्ञ कदाचित दुसरे नाव देईल, औषधही देईल. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या गृहस्थाचे निदान आपण इथे बसून करू नये. एक मात्र विचारावेसे वाटते. हे सगळे धुण्यासाठी पाणी कोण आणत होते?

घरातल्या बायका. आणि सगळ्यांत जास्त, जिचा बाप फासावर गेला होता ती. नवऱ्याला निदान आपले दुःख वेड बनवून घरभर पसरायची मुभा होती. तिला स्वतःच्या बापासाठी रडायला वेळ मिळाला असेल का, कोण जाणे!

या घरात १८६८ साली एक मुलगी जन्माला आली. तिचे नाव मनकर्णिका, घरातली मनू. पुढे ही मनू लक्ष्मीबाई टिळक झाली, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी. मराठी वाचणाऱ्या घरात हे पुस्तक माहीत नाही असे सहसा होत नाही. शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा धडा असतो, तो वाचून आपण हसतो आणि लक्ष्मीबाई म्हणजे विनोदी, भाबड्या, गोड आजी असे चित्र मनात ठेवून मोकळे होतो. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. ही बाई तीन घरांतल्या रागाच्या मधोमध वाढली, नांदली आणि आई झाली. संतापाने आणि दुःखाने वेड लागायची वेळ तिच्यावर आली होती. त्यातून ती कशी बाहेर पडली, हे आज पुन्हा सांगावेसे वाटते, कारण तसे घर आजही आपल्या आसपास आहे. कधी भिंतीपलीकडे, कधी भिंतीअलीकडे.

मनूचे लग्न १८८० साली, अकराव्या-बाराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे, हुशार, देखणे, हजरजबाबी. ते पुढे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. या फुलामुलांच्या कवीचे लहानपण मात्र फुलासारखे गेलेले नव्हते. वडील वामनराव अतिशय तापट. आई जानकीबाई कविता करणारी, वाचनाची आवड असणारी; आणि तीच आवड तिला भोवली. नवऱ्याने केलेल्या मारानंतर थोड्याच दिवसांत ती गेली, आणि आई नसलेल्या घरात राहायचे नाही म्हणून हा पोरसवदा मुलगा बाहेर पडून नाशिकला आला. लक्ष्मीबाईंनी ही हकिकत सासरची लाज झाकण्यासाठी गाळून टाकलेली नाही, आणि सासऱ्यांविषयी कडवटपणेही सांगितलेली नाही. सुनेने सासूविषयी इतक्या मायेने लिहावे, आणि तीही कधी न पाहिलेली सासू, हे मला त्या पुस्तकातले एक मोठे नवल वाटते.

आईच्या मृत्यूने घर सोडलेल्या मुलात बापाचा राग मात्र तसाच उतरला होता. टिळक उदार होते, प्रेमळ होते, पण क्षणात भडकत. भडकले की समोर काय आहे याचे भान राहत नसे. ओसरले की तितक्याच वेगाने पश्चात्ताप. आणखी एक खोड म्हणजे न सांगता निघून जाण्याची. आज नाशिक, उद्या मुंबई, परवा नागपूर. नोकरी धरायची आणि सोडायची, हाती आलेला पैसा कोणा गरजूला देऊन टाकायचा आणि घरात चूल पेटायची पंचाईत. बाहेर टिळकांचे वक्तृत्व आणि काव्य गाजत होते. घरात त्यांची बायको माहेर, सासर आणि नातलगांची घरे यांत बोचके घेऊन फिरत होती. वाचायला-लिहायला तिला त्यांनीच शिकवले, तेही आपल्या लहरीप्रमाणे, पण शिकवले. या एका गोष्टीचे पुढे काय झाले ते पाहू.

मुले झाली आणि गेली. १८९१ साली झालेला दत्तू, म्हणजे देवदत्त, जगला. आधीची मुले हातची गेलेली, नवरा आज आहे उद्या नाही, पैसा नाही, स्वतःचे म्हणावे असे घर नाही, आणि कडेवर एक मूल. अशा आईच्या मनात काय काय उसळत असेल? आपल्याकडे आईच्या दुःखाला जागा आहे, त्यागाला तर फारच मोठी. तिच्या संतापाला मात्र कधीच जागा नव्हती. देवीने रागावावे, आईने नाही! मग तो राग कुठे जातो? भांड्यांवर निघतो, मुलाच्या पाठीवर निघतो, आणि सर्वांत जास्त स्वतःच्या शरीरावर.

टिळक नागपुरात ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवत होते. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. पुढची दोन वर्षे त्यांच्या मनात उलघाल चालू होती आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बायकोला विश्वासात घेऊन नव्हे. बातमी येऊन थडकली तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या.

त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज समजावून सांगावे लागते. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. कुंकू आहे, पण नवऱ्याच्या हातचे पाणी चालायचे नाही. लोक सांत्वनाला येत आणि सांत्वनात टोमणे असत. अन्नावरची वासना उडाली, प्रकृती ढासळली. नातलगांच्या आधाराने त्या पंढरपुरात राहिल्या. त्यातून टिळकांना मुलगा हवा होता. दत्तू कोणाचा, हा वाद दोघांत सुरू झाला, आणि लहान मुलाची ओढाताण होऊ लागली. एकटी आई म्हणून ज्या बायका आज कुटुंब न्यायालयाच्या बाकावर बसतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि इथे ती गोष्ट झाली. टिळकांनी लहरीत शिकवलेली अक्षरे कामी आली. त्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी कविता रचायला सुरुवात केली. कोणी छापावे म्हणून नव्हे. छापण्याचा विचार त्यांच्या स्वप्नातही नव्हता. डोक्यात घुमत होते ते कुठेतरी ठेवायला हवे होते. व्याकरण यथातथा, शुद्धलेखन त्याहून यथातथा. पण नवऱ्यावरचा राग, त्याच्याविषयीची माया, पोराची काळजी, लोकांचे बोलणे, हे सगळे एका ठिकाणी उतरवायला जागा मिळाली.

ही काही अगदीच नवी रीत नव्हती म्हणा. जात्यावर बसलेली बाई ओवीत सासूची, नवऱ्याची, नशिबाची सगळी गाऱ्हाणी गात असे आणि घरातले ऐकूनही न ऐकल्यासारखे करत. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी अशा ओव्या गावोगाव फिरून जमवल्या, त्या लाखाच्या घरात भरल्या. जाते गेले, मिक्सर आला. मिक्सरच्या आवाजात ओवी म्हणता येत नाही! फार तर ओरडता येते, आणि तसे आपण ओरडतोही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाविषयी वाचले तेव्हा मला लक्ष्मीबाई आठवल्या. काही विद्यार्थ्यांना त्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. घटना आणि तिच्याविषयीची भावना दोन्ही लिहायच्या. शुद्धलेखनाकडे बघायचे नाही. लिहिताना त्या मुलांना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. नंतर अशा प्रयोगांची रीघ लागली. सगळ्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत आणि लिहिणे हे रामबाण औषधही नाही. तरी रागावलेल्या, थकलेल्या आईला समुपदेशक आजही वही घ्यायला सांगतात. कधी भडका उडाला, त्याआधी काय झाले होते, झोप किती झाली होती, जेवण झाले होते का, एवढेच लिहायचे. आठवडाभराने वही उघडली की बहुतेक वेळा असे दिसते, की मुलाने सांडलेले दूध हे कारण नव्हतेच. रात्रभर न मिळालेली झोप होती, दिवसभर मदतीला कोणी नव्हते, आणि कोणाजवळ न बोललेले असे काहीतरी वर्षानुवर्षे साचलेले होते.

साधारण साडेचार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे गेल्या. हा प्रसंग आपल्याकडे पतिव्रतेच्या कथेसारखा सांगितला जातो, तो मला पटत नाही. त्या गेल्या खऱ्या, पण आपल्या अटींवर गेल्या. सुरुवातीला आपली चूल वेगळी, सोवळे वेगळे. टिळकांचा धर्म टिळकांपाशी. इतकी वर्षे ज्या माणसाच्या लहरीवर आयुष्य हिंदकळत होते, त्याच्या शेजारी राहूनही आपली रेघ आपण आखायची, हे त्यांनी केले. आणि टिळकांनीही ते मानले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. त्यांचा राग एका दिवसात गेला नाही. पण बायको म्हणजे आपल्या रागाचे ऐकून घेणारे माणूस, ही घराण्यातली समजूत मात्र हळूहळू सुटत गेली. जानकीबाईंची कविता वामनरावांना सहन झाली नव्हती. लक्ष्मीबाईंच्या कवितेचे टिळकांनी कौतुक केले. एका पिढीत एवढे झाले, हे थोडे नाही.

पुढे जातिभेद ही माणसाने केलेली गोष्ट आहे, हे लक्ष्मीबाईंना आपल्या आपण उमगले. जलालपूरच्या त्या धुऊन धुऊन झिजलेल्या घरातली ही लेक! १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. नवऱ्याच्या मागून फरफटत नव्हे.

राहुरी आणि नगरची वर्षे म्हणजे नुसती गर्दी आहे. दुष्काळ, प्लेग, त्यात पोरकी झालेली मुले, आश्रयाला आलेले विद्यार्थी, कवी, भणंग, आजारी. टिळक कोणालाही घरी आणत, आणि आणल्यावर त्याच्या ताटाची, अंथरुणाची काळजी अर्थातच लक्ष्मीबाईंनी करायची. पाहुण्यांत एक होता त्र्यंबक बापूजी ठोमरे. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ‘बालकवी’ म्हणून गाजलेला हा मुलगा टिळकांच्या घरी येऊन राहिला तो घरचाच झाला. मनाने अतिशय हळवा, क्षणात खुलणारा, क्षणात रुसून कोपऱ्यात बसणारा. लक्ष्मीबाईंनी त्याला लेकरासारखे सांभाळले. रुसलेल्या माणसाजवळ कसे जावे, हे त्यांना येत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रागाशी गाठ पडलेल्या बाईला त्याचा भाता कुठे आहे हे कळतेच. १९१८ साली बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून अठ्ठाविसाव्या वर्षी गेले, तेव्हा या घरातला मुलगाच गेला होता.

लक्ष्मीबाई स्वतः रागावत नसत असे मुळीच नाही. त्या रागावत, भांडत, रुसत, अबोला धरत. टिळकांशी त्यांची जुंपायची तेव्हा दोघेही मागे हटणारे नव्हते. फरक एवढाच, की स्वतःचा राग त्यांना दिसत असे, आणि दिसल्यावर त्यांना हसू येत असे. स्वतःच्या फजितीवर हसण्याची ही खोड लिखाणात आली म्हणून आपण तिला विनोद म्हणतो. घरात तिचे काम वेगळे होते. भांडण चिघळण्याआधी तिथे एक झडप उघडत होती. हसणे म्हणजे गिळणे नव्हे. जे झाले ते त्यांनी नावनिशीवार सांगितले आहे, फक्त विष काढून.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लक्ष्मीबाई निभावल्या म्हणून प्रत्येक बाईने निभवावे, असा अर्थ या हकिकतीतून काढू नये. जानकीबाई निभावल्या नाहीत. मार खाणाऱ्या बाईला राग आवरायला शिकवणे हा उफराटा न्याय आहे. तिथे आवरायचे ते दुसऱ्यालाच. आणि बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे रडू येणे, झोप न लागणे, बाळ नकोसे वाटणे, त्याला किंवा स्वतःला काही करावे असा विचार मनात येणे, हा स्वभावाचा दोष नसून आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पूर्वी त्याला बाहेरची बाधा म्हणत आणि अंगारा लावत. हल्ली निदान विचारायला जागा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर पैसे न घेता मराठीत बोलणारे माणूस मिळू शकते. हा आकडा फ्रिजवर दूधवाल्याच्या आकड्याशेजारी लिहून ठेवायला हरकत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषानेच तो लिहावा हे बरे. समुपदेशकाकडे गेलेल्या अनेक आया सांगतात की पहिल्या भेटीत त्यांनी उपाय विचारलाच नाही. मी वाईट आई आहे का, एवढेच विचारले. बाहेर बसलेल्या नवऱ्याला मात्र आपल्यालाही आत बोलावतील याची कल्पना नसते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. घराबाहेर पडण्याची जुनी ओढ आता व्रत होऊन आली. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, चौसष्ट अध्याय लिहून. ज्या बाईला शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते, तिने!

मग देवदत्ताने एक काम काढले. त्याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आईने लिहायला घेतले आणि वडिलांचे चरित्र बाजूला राहिले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. जो मुलगा लहानपणी आई आणि वडील यांच्यामध्ये ओढला गेला, तोच त्या ओढाताणीची कहाणी आईकडून लिहवून घेत होता, आणि आई ती त्याच्यासमोर, त्याच्या बापाला न सोडता आणि न दुखवता, लिहीत होती. दोघांना काय वाटत असेल? कित्येक घरांत आई आणि मुलगा मरेपर्यंत एका ताटात जेवतात आणि अशा एका प्रसंगाविषयी चकार शब्द बोलत नाहीत.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. आठवणी पुऱ्या झाल्या नव्हत्या. राहिलेला धागा देवदत्ताने पुढे नेला, आणि त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी १९८९ साली सगळ्या भागांची साक्षेपी आवृत्ती काढली. आज दुकानात मिळते ते पुस्तक उघडले, तर सुरुवातीच्याच पानांत आजोबांची फाशी आहे. त्यानंतर वडिलांचे सोवळे, आणि पाणी भरभरून थकलेल्या बायका. मनूचा जन्म त्याच्याही नंतर येतो.